पाचशे कसले घेतले? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ई-चलानवर बोलताना मी शेवटी सहज लिहून गेले होते की पार्किंगचं काही असेल तर तेही पाठवा, आणि मग जे काय आलंय ना, बाई गं. कॉलेज रोड, शालिमार, नाशिकरोड, सिडको, सगळीकडून. निम्म्या पत्रांचं म्हणणं एकच की ताई, पैसे घेतले पण कसले घेतले तेच कळलं नाही. त्यातली निवडक इथं घेतलीत, नावं नेहमीसारखी काढलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. मिसेसला तीन वर्षांपूर्वी मणक्याचा त्रास झाला, तेव्हापासून व्हीलचेअर आहे. दिवाळीच्या आधी शहरातल्या एका मॉलमध्ये गेलो. बेसमेंटला लिफ्टजवळ व्हीलचेअरचं चित्र काढलेल्या दोन जागा आहेत, एकीत मोठी एसयूव्ही उभी आणि दुसरीत मॉलच्याच ट्रॉल्या नि पुठ्ठ्याचे खोके. मग मी पुढं कोपऱ्यात पार्किंगच्या दोन गाळ्यांच्या मधल्या पट्ट्यावर गाडी घातली, कारण दार पूर्ण उघडल्याशिवाय तिला बाहेर काढताच येत नाही. दीड तासाने येतोय तर चाकाला जॅमर. दोन गाड्यांची जागा अडवली म्हणून पाचशे रुपये फाइन. एसयूव्हीला काहीच नाही! भांडण नको म्हणून भरले. पावतीवर नुसतं "पार्किंग ५००" लिहिलंय. हे बरोबर आहे का? (इंदिरानगर)

उत्तर : दादा, तुमच्या जागी मी असते तर मीही तिथंच लावली असती, तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका.

आता पाचशेचं. दंड करायचा अधिकार कायद्यानं ज्याला दिलाय त्यालाच असतो. रस्त्यावर नो पार्किंगला पोलिस चलान करतात, पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडलात तर १५००, ते मोटार वाहन कायद्याखाली. मॉलला असला काही अधिकार नाही, मॉल तुमच्याशी फक्त व्यवहार करतो, म्हणजे जागा देतो आणि तुम्ही त्याचे पैसे देता. अटी मोडल्या तर जादा आकार घेऊ असं त्यांनी गेटवर तुम्ही आत शिरायच्या आधी वाचता येईल असं लिहिलं असेल तर ते तेवढ्यापुरतं मागू शकतात, पण तेही भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाई इतकंच, लिहिलाय तो आकडा ही वरची मर्यादा झाली, तो आपोआप मिळतो असं नाही. आणि बोर्डच नसेल, किंवा असेल पण खांबामागं लपलेला असेल, तर कसला करार नि कसलं काय. वॉचमनने तोंडी सांगितलेला रेट म्हणजे नियम नव्हे.

जॅमरची गोष्ट तर आणखी वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये चाकाला क्लॅम्प लावायची तरतूद आहे, पण सार्वजनिक जागी आणि वर्दीतल्या पोलिस अधिकाऱ्याने सांगितल्यावर. मॉलच्या सिक्युरिटीने स्वतःच्या मनाने लावून पैसे दिल्याशिवाय काढणार नाही म्हणणं, याला त्या कलमाचा आधार नाही. पुढच्या वेळी असं झालं तर जॅमरसकट गाडीचा फोटो, आजूबाजूचे गाळे दिसतील असा, आणि ११२ ला फोन. बहुतेक वेळा फोन कानाला लावला की किल्ली सापडते.

पाचशे परत हवे असतील तर पावती जपून ठेवा, मॉलच्या मॅनेजमेंटला लेखी द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तरी नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी लागत नाही. पाचशेसाठी एवढं कोण करतं हे मलाही कळतं, पण तुमची केस नुसती पाचशेची नाहीये, म्हणून सांगतेय.

कारण त्या दोन जागा कशासाठी असतात हेच लोकांना माहिती नसतं. सगळ्यांना वाटतं लिफ्टजवळ आहे, चालायला कमी पडतं, एवढंच. तसं नाहीये. मुद्दा रुंदीचा आहे. आमच्या अण्णांना पॅरालिसिस झाला त्यानंतरची सहा वर्षं मी हे रोज केलंय. पुढच्या सीटचं दार पार शेवटच्या खटक्यापर्यंत उघडायचं, खुर्ची दार आणि सीटच्या मधे तिरकी घुसवायची, दोन्ही ब्रेक मारायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडायच्या, मग त्यांचा चालता हात माझ्या मानेभोवती आणि एक दोन तीन. दार अर्धंच उघडलं तर खुर्ची लांब राहते आणि माणूस मधेच लोंबकळतो. एकदा एका हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये शेजारची गाडी इतकी चिकटून लागली होती की आम्ही चाळीस मिनिटं त्या गाडीवाल्याची वाट बघत बसलो, अण्णा आत आणि मी बाहेर उन्हात. त्यानंतर मी पर्समध्ये जागा मोजायचा टेप ठेवायला लागले. लोक हसतात, हसू देत.

साधा गाळा अडीच मीटरचा. त्यात पावणेदोन मीटरची गाडी, उरली पाऊण मीटर, तीही दोन्ही बाजूंना वाटून. व्हीलचेअरच मुळी साठ-सत्तर सेंटीमीटरची असते. म्हणून दिव्यांगांचा गाळा किमान ३.६ मीटर रुंद लागतो. महाराष्ट्रात २०२० च्या शेवटी जी एकत्रित विकास नियमावली आली, जिला आर्किटेक्ट लोक यूडीसीपीआर म्हणतात, ती नाशिकलाही लागू आहे, आणि तिच्यात प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत अशा दोन जागा द्यायला सांगितल्यात. म्हणजे त्या मॉलने त्या दोन जागा काही मेहरबानी म्हणून आखलेल्या नाहीत, नकाशा मंजूर करून घेताना त्या दाखवाव्याच लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ४४ तर सांगतं की सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर इमारतीला परवानगीच द्यायची नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. दाखला मिळाला, की मग खोके.

तुम्ही असं करा. महापालिकेच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये लागतात, त्या इमारतीच्या मंजूर नकाशातल्या पार्किंगच्या पानाची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नकाशात जागा आहे आणि जागेवर ट्रॉल्या आहेत, एवढं कागदावर आलं की महापालिकेला तक्रार आणि त्याची प्रत पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांना. दिव्यांग हक्कांच्या त्याच कायद्याच्या कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड आहे आणि पुढच्यांना पन्नास हजार ते पाच लाख. हा खरा दंड, दादा. जो तुमच्याकडून घेतला तो नुसता शब्द होता.

एसयूव्हीवाल्याचं मात्र वाईट वाटेल असं उत्तर आहे. दिव्यांगांच्या जागेत धडधाकट माणसाने गाडी लावली तर अमुक इतका दंड असं थेट कलम आपल्या मोटार वाहन कायद्यात नाही. रस्त्यावर असेल तर पोलिस नो पार्किंगखाली धरू शकतात, मॉलच्या बेसमेंटमध्ये ते सहसा उतरत नाहीत. तिथं काम मॅनेजमेंटचंच. म्हणून भांडण त्या गाडीवाल्याशी घालण्यापेक्षा मॅनेजमेंटशी घाला, तो उद्या दुसरा असेल, मॅनेजमेंट तीच असेल.

प्रश्न : माझी आई ७२ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. ॲक्सेसरीजच्या दुकानातून व्हीलचेअरचा स्टिकर आणून मी काचेवर लावलाय. परवा एका काकूंनी पार्किंगमध्ये आम्हाला वाट्टेल ते सुनावलं. आम्ही चुकलो का? (गंगापूर रोड)

उत्तर : थोडं तुम्ही चुकलात, थोडं काकू.

स्टिकरला काहीच अर्थ नाही हे आधी लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये जसा कौन्सिलने, म्हणजे तिकडच्या महापालिकेने, दिलेला बॅज असतो तसं आपल्याकडे पार्किंगसाठी देशभर चालणारं कार्ड नाही, त्यामुळे कुणीही स्टिकर चिकटवतं, आणि मग खऱ्या माणसावर पण कुणी विश्वास ठेवत नाही. आपल्याकडे पुरावा म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. २०२१ च्या जूनपासून प्रमाणपत्र यूडीआयडीच्या सरकारी पोर्टलवरूनच निघतं, तपासणी सिव्हिल हॉस्पिटलला होते. चाळीस टक्के किंवा जास्त आलं तर कायद्याच्या भाषेत लक्षणीय दिव्यांगत्व. गुडघे बदलले म्हणून ते आपोआप मिळत नाही, डॉक्टर हालचाल मोजून ठरवतात. आईंना खरंच चालवत नसेल तर एकदा दाखवून घ्याच. तोवर आईंना पोर्चमध्ये उतरवा, कुणाला तरी सोबत बसवा आणि गाडी तुम्ही लांब लावून या. तुमचे गुडघे शाबूत आहेत ना.

आता काकूंचं. माणूस चालत उतरला म्हणजे तो धडधाकट असं नसतं. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत, त्यात पार्किन्सन्स आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहे. सकाळी चालणारा माणूस संध्याकाळी चालेलच असं नाही. तेव्हा काकू, तुम्हीही हे सदर वाचत असाल तर विचारायचं झालं तर नीट विचारा. चारचौघांत दिव्यांग माणसाचा मुद्दाम पाणउतारा करणं हा त्याच कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं.

प्रश्न : मला लहानपणी पोलिओ झाला, साइड व्हीलची स्कूटर वापरतो. सोसायटीत लिफ्टशेजारी स्टिल्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत लावतो. चेअरमन म्हणतात ती जागा त्यांनी बिल्डरकडून विकत घेतलीय. आता मेंटेनन्सच्या बिलात दिवसाला २०० प्रमाणे सहा हजार पार्किंग दंड लावलाय. (पाथर्डी फाटा)

उत्तर : चेअरमनसाहेबांना विचारा, विकत घेतल्याचा कागद कुठाय, आणि कागद असला तरी सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंदच्या केसमध्ये आपल्याच महाराष्ट्राच्या कायद्यावर बोलताना सांगितलंय की स्टिल्ट म्हणजे गॅरेज नव्हे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. ती सोसायटीची. वाटप सोसायटीने करायचं, उपविधीप्रमाणे.

दंडाचं म्हणाल तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये नियमभंगासाठी दंड आहे, पण आधी नोटीस, मग तुमचं म्हणणं ऐकायचं, मग सर्वसाधारण सभेने ठरवायचं, आणि तेही आर्थिक वर्षाला पाच हजारांच्या वर नाही. एका महिन्यात सहा हजार कुठून आले ते मला तरी कळलं नाही. कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेलं म्हणजे सभा नव्हे हो. लेखी आक्षेप द्या, पोच घ्या, बाकीचा मेंटेनन्स मात्र वेळेवर भरा नाहीतर ते थकबाकीदार ठरवतील आणि मूळ विषय राहील बाजूला. सोबत लिफ्टजवळची जागा दिव्यांग सभासद म्हणून मला नेमून द्या असा वेगळा अर्ज. ऐकलं नाही तर सहकारी संस्थांचे उपनिबंधक. आणि एक, तुमची स्कूटर साधारण किती रुंद आहे ते मोजून अर्जात लिहा, आकडा दिसला की लोक जरा दबकतात असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मुलगी इंग्लंडला रेडिंगला असते. आम्ही दोघं उन्हाळ्यात गेलो होतो. यांना दिव्यांग प्रमाणपत्र आहे म्हणून सुपरमार्केटच्या व्हीलचेअरच्या जागेत गाडी लावून यूडीआयडी कार्ड काचेत ठेवलं. आठवड्याने मुलीच्या नावाने शंभर पाउंडाची नोटीस आली, चौदा दिवसांत भरले तर साठ. जावई म्हणतात खाजगी कंपनी आहे, फेकून द्या. (नाशिकरोड)

उत्तर : जावयांना सांगा फेकू नका. पूर्वी तिकडे लोक फेकून द्यायचे म्हणे, आता तसं राहिलं नाही.

आधी नोटीस नीट वाचा. पीसीएन अशी तीन अक्षरं कौन्सिलच्या नोटिशीवरही असतात आणि खाजगी कंपनीच्याही. कौन्सिलची ती पेनल्टी, म्हणजे दंड. खाजगीची ती नुसती चार्ज, म्हणजे करार मोडल्याची मागणी. गंमत बघा, आपल्या इंदिरानगरच्या दादांचाच प्रश्न, फक्त पाउंडात. फरक एवढाच की तिकडे त्याला बऱ्यापैकी शिस्त लावलीय. इंग्लंड आणि वेल्समध्ये खाजगी जागेत जॅमर लावणं २०१२ च्या ऑक्टोबरपासून बंदच आहे. ज्या कायद्याने ही बंदी आली त्यानेच, अटी पाळल्या तर कंपनीला गाडीच्या नोंदणीवाल्याकडून पैसे मागता येतात, गाडी कुणीही चालवलेली असो. पत्ता त्यांना सरकारी वाहन नोंदणी खात्याकडून मिळतो, अडीच पाउंड भरून. आणि २०१५ मध्ये तिकडच्या सुप्रीम कोर्टाने बीव्हिस नावाच्या माणसाच्या केसमध्ये पंच्याऐंशी पाउंड वाजवी ठरवले, तो दोन तास फुकट असलेल्या पार्किंगमध्ये छप्पन्न मिनिटं जास्त थांबला होता. म्हणून फेकू नका म्हणतेय.

आपलं यूडीआयडी तिकडे बॅज म्हणून चालत नाही. तिकडचा ब्लू बॅज कौन्सिल देते आणि तो मुळात रस्त्यावरच्या पार्किंगसाठी आहे, सुपरमार्केटच्या खाजगी जागेत तो कायद्याने आपोआप लागू नसतो, पण जागामालक बहुधा तोच दाखवा म्हणून बोर्ड लावतात. तुमची बाजू वेगळ्या ठिकाणी आहे. तुमच्या मिस्टरांचं दिव्यांगत्व खरं आहे, आणि तिकडच्या २०१० च्या समानता कायद्याप्रमाणे सेवा देणाऱ्याने दिव्यांग माणसासाठी वाजवी सोय करायची असते, तिथं बॅजची अट नाही. तेव्हा मुलीला अठ्ठावीस दिवसांच्या आत कंपनीकडे अपील करायला सांगा, सोबत प्रमाणपत्राची प्रत, त्या दिवशीची खरेदीची पावती आणि दुकानाच्या मॅनेजरला वेगळं पत्र. पुष्कळदा दुकानवालेच नोटीस रद्द करायला सांगतात, त्यांना गिऱ्हाईक हवं असतं. कंपनीने नाही म्हटलं तर पोप्ला किंवा आयएएस (आपले अधिकारी नव्हेत, ही दोन्ही तिकडची पार्किंगची अपिलं ऐकणारी मंडळं), कंपनी ज्या संघटनेची सभासद असेल त्याप्रमाणे. साठच्या मोहात पडायचं की लढायचं हे मात्र तिनेच ठरवू दे, गाडी तिची आहे.

दोन छोटे. पावती हरवली म्हणून अख्ख्या दिवसाचे पैसे मागतात (मेनरोड): आत शिरल्याची वेळ कॅमेऱ्यात असते, ती बघा म्हणा, आरसी दाखवा आणि झाले तेवढ्याच तासांचे द्या. "ओनर्स रिस्क" लिहिलंय म्हणजे गाडी चोरीला गेली तर बोंब मारायची नाही का (कॅनडा कॉर्नर): जरूर मारायची. किल्ली घेऊन व्हॅलेने, म्हणजे हॉटेलच्याच माणसाने, लावलेली गाडी हॉटेलातून चोरीला गेली, अशा केसमध्ये २०१९ ला सुप्रीम कोर्टाने हॉटेललाच जबाबदार धरलंय, निष्काळजीपणा असेल तर असल्या पाटीआड लपता येत नाही. मात्र किल्ली तुमच्याच खिशात असेल तर गोष्ट एवढी सोपी राहत नाही.

प्रश्न : म्याडम मी सिक्युरिटीला आहे, बारा तासाची ड्युटी. अपंगांच्या जागेत साहेब लोक गाडी घालतात. बोललो तर म्हणतात दोन मिनिटात येतो, नाहीतर तुझं नाव काय सांग. मागं एकाला अडवलं तर सुपरवायझरने मलाच झापलं. आता मॅनेजर म्हणतात जागेला साखळी लावून कुलूप घाल. माझ्या भाच्याला पण अपंगत्व आहे म्हणून विचारतो, काय करू? (सातपूर)

उत्तर : भाऊ, या महिन्यात आलेल्या पत्रांत मला सगळ्यात आवडलेलं पत्र तुमचं आहे. आम्ही सगळे बाहेरून वॉचमनला शिव्या घालतो, वरच्या उत्तरात मीही जरा घातल्याच की, आणि तुमच्या मागे कुणी उभं राहत नाही हे विसरतो.

तोंडी अडवू नका. एक वही करा, तारीख, वेळ, गाडीचा नंबर, किती मिनिटं, बास. आठवड्याला तिची झेरॉक्स मॅनेजरला द्या आणि मूळ वही स्वतःकडं ठेवा. "दोन मिनिटं" वाल्यांची खरी मिनिटं कागदावर उतरली की मॅनेजरलाच लाज वाटते, आणि उद्या तक्रार झाली तर तुम्ही कळवलं होतं याचा पुरावा राहतो. जागेत जे सामान येऊन पडतं ना, तेही वहीत लिहा, ते साहेबांच्या गाड्यांपेक्षा जास्त दिवस पडून असतं. गाडी आत वळायच्या आधीच मधोमध रस्त्यावर ठेवतात तसला एक प्लास्टिकचा कोन उभा केलेला असेल तर निम्मे लोक आपणहून पुढं जातात. कोन हलवायला खाली उतरावं लागतं, त्याचाच कंटाळा असतो त्यांना.

साखळीला मात्र नाही म्हणा, आणि का ते मॅनेजरना नीट सांगा. ब्रेक-ॲक्सिलरेटर पायांऐवजी हाताने चालवायची गाडी घेऊन एकटाच आलेला माणूस साखळी काढायला उतरणार कसा? त्याची खुर्ची मागच्या सीटवर घडी घालून ठेवलेली, ती काढायला रुंद जागा हवी, आणि रुंद जागा साखळीच्या पलीकडे. तो हॉर्न वाजवत बसणार, तुम्ही दुसऱ्या गेटला, आणि मागची रांग त्याच्या नावाने ओरडणार. कोनाचंही तसंच आहे खरं तर, त्यालाही कुणीतरी यावं लागतंच, पण कोन ट्रॉलीवाला पोरगा पण सरकवू शकतो, कुलपाची किल्ली एकाच्याच खिशात असते. म्हणून कोन ठेवा आणि शेजारच्या खांबावर ड्युटीचा मोबाइल नंबर लावा, प्रत्येक शिफ्टला तोच नंबर. मोठ्या आकड्यात, जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर, म्हणजे ड्रायव्हरला बसल्या जागेवरून काचेतून दिसतो. बोर्ड नेहमीसारखा वर टांगला तर तो गाडीच्या छपराआड जातो, आमच्या बिल्डिंगमध्ये आधी तसाच लावला होता, मग अण्णांना सीटवर बसवून वाचायला सांगितला आणि खाली घेतला.